शून्य ग्रॅम

फाटकावरचा दांडा वर गेला नाही तेव्हा कल्याणीला आधी वाटलं, वीज गेली असेल. मग नवा वॉचमन वही घेऊन खिडकीशी आला आणि म्हणाला, "स्टिकरची मुदत संपलीय मॅडम. ऑफिसात नवीन मिळतंय." ती म्हणाली, "मी चौदा वर्षं इथे राहतेय." तो म्हणाला, "मला पटतंय मॅडम. मशीनला पटत नाही." यात उद्धटपणा नव्हता, थट्टाही नव्हती, जे आहे ते त्याने सांगितलं. फ्लॅटचा नंबर विचारून तो वहीत लिहू लागला. डाव्या हाताने लिहीत होता, पण जन्माच्या डावखुऱ्यासारखा नाही. मोठेपणी नव्याने शिकल्यासारखा, एकेक आकडा कोरत. उजवा हात पँटच्या खिशात होता. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. तरी तो घाई करीना, म्हणून नजर कुठे ठेवायची ते न कळून तिने त्याच्या छातीवरची पाटी वाचली. समर्थ द. भोंडवे.

गाडी खाली लावून ती तशीच बसून राहिली. भोंडवे आडनावाची माणसं पुण्याच्या आसपास पुष्कळ आहेत, त्यात समर्थही असतील. पण 'द.' म्हणजे दत्तोबा, गाव लोणी काळभोर, उंची पाच फूट नऊ इंच, उजव्या तळहाताची रुंदी अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर, हे पाटीवर न लिहिलेलंही तिला पाठ होतं. हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता, त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. तरी सहा वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा तिने त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाबरोबर काढला होता. चिंचवडच्या ज्या कंपनीत ती तेव्हा होती तिथे लष्कराला दाखवण्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक रायफल तयार होत होती. साध्या बंदुकीचा चाप ओढला की आतला घोडा सुटतो आणि काडतुसाच्या बुडावर आदळतो. हिच्यात आदळणारं काहीच नव्हतं. चाप म्हणजे नुसतं बटण. ते दाबलं की विजेची ठिणगी थेट दारूपर्यंत जाई. मुठीवर एक पट्टी होती, ती धरणाऱ्याचा तळहात ओळखी; भलत्याने उचलली तर ती बंदूक म्हणजे निव्वळ लोखंडाची काठी. आणि पोटात एक चिप होती, ती सगळं लिहून ठेवी: कुणी धरली, किती वाजता, चापावर किती ग्रॅम दाब पडला. चाचणीला अकरा जवान होते. रोज त्यांच्या नोंदी पुण्याला येत आणि कल्याणीच्या पडद्यावर त्यांच्या रेघा होत. सात नंबरची, म्हणजे समर्थची, रेघ आधी जराशी चढे, मग थबके, तिथे तो श्वास सोडत असावा, आणि मग न थरथरता सरळ वर जाई. तीनशे चाळीस ग्रॅम. प्रत्येक वेळी. जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस ओळखावं तशी ती रेघ तिला ओळखू येई, आणि कंटाळवाण्या दुपारी ती दिसली की उगाच बरं वाटे.

फायदे होते, आणि ते खोटे नव्हते. हे तिला अजूनही स्वतःला बजावून सांगावंसं वाटतं. घोड्याचा दणका नसल्यामुळे हात हलत नसे, नेम जागच्या जागी राही. चौकीवर झडप घालून कुणी बंदूक हिसकावली तरी ती उलटी फिरत नसे. नळीत गोळी राहिली आहे की नाही, हे कुणाला आठवावं लागत नसे. वडिलांना तिने हे सगळं समजावून सांगितलं होतं. सुखदेव, तिचे बाबा, खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस होते. एकेक काडतूस मापात घालून बघायचं आणि शंका आली की बाजूला टाकायचं, हे त्यांचं काम. वस्तीतल्या पहिल्या पिढीची पहिली पक्की नोकरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "चांगलं आहे. आमची बंदूक अडली तर नुसती अडायची. तिला डोकं नव्हतं. हिला डोकं दिलंत, आता ते कधी फिरतं तेवढं बघा." तोटेही तिने लिहिले होते, सादरीकरणाच्या अकराव्या पानावर. थंडीत बॅटरी मंदावते. आत बाष्प धरलं तर विजेला आडवाट मिळू शकते. जवान पडला तर त्याची बंदूक शेजारच्याच्या कामाची नाही. आणि नोंद वाचायची तार जोडण्याची जागा पुढे, नळीच्या खाली आहे, ती मागे न्यावी. तिचा वरिष्ठ आमोद ते पान वाचून हसला होता. "तोटे म्हणू नका हो कल्याणी. 'सुधारणेला वाव' म्हणा. लष्कराला तोटे विकत घ्यायची सवय नाही." तार मागे नेली असती तर बॅटरीचा सगळा साचा बदलावा लागला असता. ती पुढेच राहिली.

जानेवारी होता. वर, उत्तरेच्या डोंगरात, उणे अठरा. सात नंबरने चाप ओढला आणि गोळी सुटली नाही. नियमाप्रमाणे त्याने ओरडून सांगितलं, रायफल निशाणाकडे रोखून पूर्ण एक मिनिट थांबला. मिनिट झाल्यावर चाचणीतला मदतनीस, नायक हुद्द्याचा सौरभ, तार घेऊन पुढे आला. रायफल वाळूच्या पोत्यावर होती, मूठ समर्थच्या हातात. कारण तळहात ओळखल्याखेरीज चिप नोंद देत नसे, ही पायरीही कल्याणीनेच लिहिलेली. सौरभ नळीखाली वाकला. तो सासवडच्या पुढचा, चोवीस वर्षांचा. गोळी तेव्हा सुटली.

नोंद तिच्याकडे तिसऱ्या दिवशी आली. तिने दार लावून घेतलं आणि बघितली. सात नंबरची ओळखीची रेघ होती, तशीच चढलेली, थबकलेली, तीनशे चाळीसला पोचलेली. मग ती खाली आली आणि दाबाच्या रकान्यात शून्यं सुरू झाली. एकाखाली एक, त्र्याहत्तर सेकंद. त्र्याहत्तराव्या सेकंदासमोर लिहिलं होतं: गोळी सुटली. दाब: शून्य ग्रॅम. बोट चापावर नव्हतंच. आत कुठेतरी बाष्पाने वाट काढली होती आणि ठिणगी आपली आपणच गेली होती. ती कागद घेऊन आमोदकडे गेली. त्याने आरडाओरड केली नाही, धमकावलं नाही, चहा मागवला. म्हणाला, "चापाचा सेन्सर चुकतो असं लिहिलंत तर आपण सेन्सर बदलू. बंदूक चुकते असं लिहिलंत तर तीनशे माणसं उद्यापासून घरी. आणि तो जवान स्वतःच म्हणतोय की बोट कदाचित आत असेल. त्याला काही फाशी होत नाहीये." चहा संपेपर्यंत तिने विचार केला. खरं तर केलाही नाही. चहा संपेपर्यंत नुसती बसून राहिली, आणि मग जागेवर जाऊन एक वाक्य लिहिलं: उणे पंधरा अंशांखाली चापावरील दाबाची नोंद विश्वासार्ह मानता येत नाही. तो सेन्सर तिने स्वतः उणे पंचवीसपर्यंत तपासला होता. वाक्याखाली सही केली. रकाना वगळून बाकीची नोंद चौकशीला गेली. पुढे तिने ऐकलं की त्याला दोषी धरून कडक ताकीद मिळाली, बढती थांबली, आणि वर्षभरात त्याने फौज सोडली. प्रकल्प दोन वर्षांनी बंद पडलाच. बंदूक कुणी घेतली नाही, तीनशे माणसं घरी गेलीच. त्यांच्यात तीही होती. तेव्हा तिला वाटलं होतं की हिशोब मिटला. छापलेलं ते एक पान मात्र तिने टाकलं नव्हतं. कपाटात, आईच्या, हिराच्या, जुन्या शालीखाली ठेवलं होतं. का, ते स्वतःला विचारलं नव्हतं.

आठवडाभर ती मागच्या फाटकाने ये-जा करत राहिली. तिकडचा रस्ता खणलेला, वळसा मोठा, पण वळसा तिला हवाच होता. घरात मात्र तो माणूस बाबांच्या तोंडून येऊ लागला. बाबा सकाळी फिरायला खाली जात आणि फाटकावरच्या केबिनमध्ये त्याच्याशी गप्पा मारत बसत; खाकीतल्या माणसाला खाकीतलं माणूस सापडलं होतं. "फौजेत होता," ते एकदा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "चांगला माणूस आहे. हातून मित्र गेला म्हणतो." ती पोह्यांतले शेंगदाणे ताटलीच्या कडेला लोटत राहिली. "काल डबा खात होता. डाव्या हाताने. मी विचारलं, उजव्याला काय झालं रे? म्हणाला, काही नाही काका, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही. घरी मुलगी आहे सात वर्षांची. तिचं बोटसुद्धा उजव्या हाताने धरत नाही म्हणे." लिंबाची बी त्यांनी बोटाने बाजूला काढली. "हात म्हणजे काय परका माणूस आहे?" तिने आपली ताटली उचलली. ती बेसिनपाशी जाऊन उभी राहिली, आणि नळाच्या धारेखाली स्वतःचाच उजवा हात धरला तेव्हा तिच्या लक्षात आलं की सही याच हाताने केली, आणि त्यानंतर सहा वर्षं हा हात कुठेही अडखळलेला नाही. त्याने पोळ्या लाटल्या, गाडी चालवली, बुद्धपौर्णिमेला मेणबत्त्या लावल्या.

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी विचारलं, "सही तुझीच?"

"हो."

"तपासलेलं होतंस?"

"हो."

त्यांनी पेपरची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. खडकीत त्यांच्या हाताखालच्या पोराने न तपासता एका खोक्यावर सही केली होती, तेव्हा त्याला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. आज ते झापतील म्हणून ती वाट बघत होती. झापलं असतं तर बरं झालं असतं. "न तपासता केली असतीस तर चूक म्हणालो असतो," एवढंच ते म्हणाले आणि उठून आत गेले. सकाळी चपला घालताना दाराकडे तोंड ठेवून म्हणाले, "त्याची ड्युटी दोन वाजता संपते."

दोन वाजता ती खाली गेली. पान हातात होतं. समर्थ केबिनमध्ये शर्ट बदलून बसला होता. "मॅडम, स्टिकर घेतलं का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "मी त्या रायफलीवर काम करत होते. पुण्यात. तुमच्या नोंदी माझ्याकडे यायच्या." त्याच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही. त्याने दुसरी खुर्ची पुढे सरकवली. तिने पान त्याच्यासमोर ठेवलं आणि रकान्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं. तो रकाना वरपासून खालपर्यंत त्याने स्वतः पुन्हा वाचला, ओठ हलवत, एकेक शून्य.

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे तुमचं बोट चापावर नव्हतं. बंदूक आपोआप उडाली."

"मशीन चुकत नाही?"

"ही नोंद चुकलेली नाही. मी तपासली होती."

फाटकाबाहेर भंगारवाल्याची हाळी आली आणि लांब गेली. "थंडीनं बोटं गेलेली," तो म्हणाला. "आत होतं का बाहेर, मलाच कळत नव्हतं. साहेबांनी विचारलं, बोट आत होतं? म्हणालो, पता नहीं सर. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणालो, असेल." मग पानाकडेच बघत विचारलं, "हे तुमच्याकडं कधी आलं?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. परवा कपाट आवरताना सापडलं, असं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं; तेही तपासून बघितलेलं, खपण्यासारखं.

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

"तिसऱ्या दिवशी." त्याने मान हलवली. "तिसऱ्या दिवशी सौरभला गावी नेला. मला जाऊ दिलं नाही." तो ओरडेल, पान फाडेल, निदान ऊठ म्हणेल असं तिला वाटत होतं. तो उठला आणि केबिनच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. "चौकशी संपली तशी मी पहिला त्याच्या आईकडं गेलो. सरुबाई. विधवा बाई, एकुलतं एक पोरगं. म्हणालो, आई, तुमचा सौरभ माझ्या हातून गेला. बाई दोन तास बोलली नाही. मग म्हणाली, जेव. फौज सुटल्यापासनं तर दर महिन्याला जातो. तिची अंजिरं बघतो. छाटणी, पाणी, सगळं. बायको, पूर्णिमा, म्हणते, एवढं माझ्या बापाच्या शेतात राबला असतात तर. तिला काय सांगणार? सरुबाई मला माफ करत आलीय, मॅडम. एकदम नाही. दर खेपेला थोडं थोडं. पहिलं वर्षभर नाव घेत नव्हती, आता बाळा म्हणते." तो वळला. त्याचे डोळे कोरडे होते. "माझा दोष नाही, तर मग मी तिच्याकडं जातो ते कोण म्हणून?"

ती म्हणाली की हे पान आणि आपलं लेखी निवेदन ती लष्कराच्या कार्यालयाला पाठवणार आहे, त्याच्यावरचा ठपका निघेल. तो म्हणाला, "पाठवा," पण जसं कुणी पत्ता सांगताना 'बरं' म्हणावं तसं. मग म्हणाला, "तिला तुम्ही सांगा. माझ्याबरोबर चला. मी सांगितलं तर तिला वाटंल, मी सुटायला बघतोय."

निवेदन तिने पाठवलं. पोच आली, दुसरं काही आलं नाही. पुढच्या रविवारी दोघं तिच्या गाडीतून निघाले. घाट चढताना त्याने एकदाच तोंड उघडलं, खिडकीची काच खाली केली तर चालेल का, एवढं विचारायला. सासवड मागे पडलं, डांबरी रस्ता सुटला, आणि अंजिरांच्या रुंद खरबरीत पानांमधून एक पत्र्याचं घर दिसू लागलं. सरुबाई ओट्यावर पाय पसरून तोडलेली अंजिरं निवडत बसली होती. काळीसावळी, काटक, साठीची. "आलास, बाळा," ती म्हणाली, आणि कल्याणीकडे बघून, "ह्या कोण?"

कल्याणीने सांगितलं. रस्ताभर जुळवलेली वाक्यं ओट्याशी आल्यावर राहिली नाहीत, म्हणून जशी सुचली तशी सांगितली. सेन्सर, बाष्प, रकाना हे शब्द त्या ओट्यावर पडत होते आणि पोरके दिसत होते. सरुबाईचे हात थांबले नाहीत. पिकलेलं एका बाजूला, चिरलेलं दुसऱ्या बाजूला. सांगून झाल्यावरही ती निवडत राहिली. मग विचारलं,

"यंत्रात लिवलेलं हुतं?"

"हो."

"त्याचं बोट नव्हतं म्हून?"

"हो."

"आन् तुमास्नी वाचाया येत हुतं?"

"हो," कल्याणी म्हणाली. एवढा लहान शब्द उच्चारायला इतका श्वास लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. सरुबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. बाई बघत होती ती नुसती, एखादी चीज आपल्या ओळखीची नाही अशी खात्री होईपर्यंत बघावी तशी. आणि खात्री झाल्यावर तिने नजर काढून घेतली. कल्याणीला कळलं की या ओट्यावर आपल्याला शिवी मिळणार नाही, आणि माफी तर नाहीच. माफी मागणाऱ्याला सहा वर्षं छाटणी करावी लागते. आपण अर्ध्या तासात गाडीत बसून परत जाणार.

समर्थ उभाच होता. सरुबाई त्याच्याकडे वळली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा कापला.

"म्हंजी आता तू येनार न्हाईस?"

"तसं कुठं म्हणालो, आई."

"तुझं काय देणं हाय आता माज्याकडं? काय म्हून येशील?"

तो खाली बसला, ओट्यावरचा कचरा गोळा करू लागला, गोळा केलेला पुन्हा पसरला. कोंबडी आली, तिला त्याने हाकललं नाही. कल्याणीला वाटलं, याने आत्ता काहीतरी म्हणावं, कुठलंही, खोटंसुद्धा चालेल. आणि लगेच स्वतःच्या या विचाराची तिला शिसारी आली. ऊन ओट्यावर चढलं. शेवटी तो म्हणाला, "पाण्याची पाळी बघून येतो," आणि बागेत गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा पाय चिखलाने भरले होते, चेहरा धुतलेला होता. "निघतो," तो म्हणाला. दर खेपेला निघताना मिळायची ती अंजिरांची टोपली सरुबाईने भरून ठेवली होती. वर अंजिराची दोन पानंही झाकली होती. सवयीने तो टोपली उचलायला वाकला. सरुबाईने टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

"आज न्हाई देत. फुडल्या खेपेला ये आन् ने."

"तोवर नासतील, आई."

"नासंनात," सरुबाई म्हणाली, आणि टोपली कमरेवर घेऊन घरात गेली.